आखर राहिला तर गाय राहील

(भंडारा जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाय पाळण्याच्या आपल्या जुन्या रीतीभातींवर बोलायचे ठरले, तेव्हा एक-दोघांनी मला विचारले, "तुम्ही कृषीचे पदवीधर. माती परीक्षण सोडून गायगोधन आणि पोळ्यावर काय बोलणार?" प्रश्न बरोबर आहे. कृषी महाविद्यालयात आम्हाला गायीचा आहार शिकवला, रोग शिकवले, संकराची टक्केवारी शिकवली. पण गावाने शेकडो वर्षे गाय सांभाळली ती कोणत्या नियमांनी, हे कोणत्याच तासाला आले नाही. ते नियम पुस्तकात नव्हते. सणात होते, आखरावर होते, गायकीच्या काठीत होते.

गायीवर बोलणारे दोन प्रकारचे लोक आपल्याला रोज भेटतात. एक म्हणतो, हे सगळे अडाणीपण आहे, सोडून द्या. दुसरा गायीला हार घालतो, हात जोडतो आणि शहरातल्या घरी परत जातो. वैरण या दोघांपैकी कोणीच देत नाही. वैरण देतो तो शेतकरी, शेण काढते ती शेतकऱ्याची बाई. म्हणून आज आपण तिसऱ्या बाजूने बघू. या रीतीभाती म्हणजे गावाची हिशेबाची वही होती. ती वही उघडून वाचू. त्यात काय खरे, काय खोटे आणि कोणते पान फाडले गेले, ते तपासू.

गायगोधन: गोवाऱ्याचा दिवस

आपल्या भंडारा-गोंदियाकडे आणि नागपूरच्या पट्ट्यात दिवाळीचा खरा सण म्हणजे बलिप्रतिपदेचे गायगोधन. गायी धुतात, शिंगांना गेरू लावतात, मोरपिसे बांधतात. गोठ्यात शेणाचे गोधन मांडतात. गोवारी बांधव ढाल घेऊन, डफ वाजवत निघतात. सगळ्या गावाची गुरे आखरावर येतात. मोहाडी तालुक्यात जांभोऱ्याला तर माणूस जमिनीवर पालथा पडतो आणि गायींचा कळप त्याच्या अंगावरून जातो. वर्तमानपत्रवाले दरवर्षी त्याचा फोटो छापतात. तेवढाच छापतात.

त्या दिवसाचा अर्थ फोटोत येत नाही. वर्षभर ज्याने गावाची गुरे राखली त्या माणसाला त्या दिवशी गावाच्या मधोमध मान असतो. वाघाच्या रानात तुमची गाय घेऊन जाणारा तो, संध्याकाळी मोजून परत आणणारा तो. कोणती गाय माजावर आली, कोणती गाभण आहे, कोणत्या वासराला हगवण लागली, हे मालकाच्या आधी त्याला कळायचे. जनावरामागे ठरलेले पायली-दोन पायली धान्य त्याला मिळायचे. मजुरी थोडीच होती, आणि त्याची गरिबी कोणी नाकारू नये. पण गावाचे काम ठरलेले होते आणि ते करणारा माणूसही ठरलेला होता.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर ग्रंथ लिहिला. त्यात गोवारी ही मराठी मुलखातली गुराख्यांची जात म्हणून नोंदलेली आहे. म्हणजे सरकारदरबारी गुराखी ही ओळख पक्की होती. हक्काची ओळख मात्र पक्की झाली नाही. अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी बांधवांनी नागपुरात विधानभवनावर मोर्चा नेला. चेंगराचेंगरीत ११४ जण मेले. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. १४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ज्यांनी आपल्या गायी राखल्या त्यांची ही कथा आहे. गायीच्या नावाने गळा काढणाऱ्या किती सभांमध्ये हे ११४ जण आठवले जातात, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

पोळा: खांद्याचा हिशेब

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदे शेकतो. पळसाच्या पानांनी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतो, उद्या जेवायला यायचे आवतण देतो. दुसऱ्या दिवशी जू नाही, चाबूक नाही. अंघोळ, झूल, बाशिंग, पुरणाचा घास. मग तोरणाखाली बैल उभे राहतात आणि झडत्या सुरू होतात.

हा सण श्रावणी अमावास्येलाच का? कास्तकाराला हे सांगायची गरज नाही. तुमच्या कापूस-ज्वारीच्या वावरात जूनपासून वखरणी, पेरणी आणि डवऱ्याचे फेर झालेले असतात. इकडे धानाच्या बांधीत चिखलणी आणि रोवणी आटोपलेली असते. ओल्या पावसात जू घासून खांदा सुजलेला असतो, कातडे गेलेले असते. पुढे रब्बीची मशागत आहे. या दोन कामांच्या मधल्या फटीत आपल्या बापजाद्यांनी बैलाची वैद्यकीय तपासणी बसवली. तुपाने कातडे मऊ होते, हळद जखम चिघळू देत नाही, आणि खांदा चोळताना हाताला गाठ लागते, सूज कळते. एका दिवसात सगळ्या गावाचे बैल एका ठिकाणी उभे राहतात. कोणी बैल पोसला, कोणी मारून राबवला, हे साऱ्या गावाला दिसते. त्याच्या लाजेने तरी माणूस बैलाला चार दिवस पेंड घालतो.

झडत्यांचेही तसेच. देवाचे नाव घेता घेता सावकाराचे, सरकारचे आणि कापसाच्या भावाचे वाभाडे काढायची ती हक्काची जागा. शेतकऱ्याची पहिली जाहीर सभा तोरणाखाली भरली, असे मी म्हणतो.

अमावास्येला औत जुंपायचे नाही, हा नियमही त्यातलाच. सालदाराला रजा नव्हती, बैलाला कुठून असणार? पण अमावास्येच्या नावाने महिन्यातून एक दिवस दोघांनाही सुटी मिळाली. नुसते "बैलाला विश्रांती द्या" म्हणून कोणी ऐकले नसते. "अमावास्येला जुंपले तर वाईट होते" म्हटल्यावर ऐकले.

वासराचा वाटा

वसुबारसेला मायबहिणी उपास करतात. त्या दिवशी दूध नाही, तूप नाही. गाय-वासराची पूजा होते. एक दिवस तरी सगळे दूध वासराचे. बाकीच्या दिवसांतही जुन्या घरांत नियम होता की गायीचे सगळे सड पिळायचे नाहीत, वासराचा वाटा ठेवायचा. कोरडवाहू मुलखात हा नियम दयेपोटी आलेला नाही, हे ध्यानात घ्या. आपल्या गायीचे मुख्य पीक दूध नव्हतेच. मुख्य पीक होते गोऱ्हा. तीन-चार वर्षांनी तो औताला यायचा आणि घरची बैलजोडी घरातच तयार व्हायची. ज्या घरात वासराचे दूध विकले, त्या घराला चार वर्षांनी बाजारातून बैल घ्यावा लागला. म्हातारीला हे व्याजाचे गणित येत होते.

गावचा सांड, म्हणजे वळू, तोही असाच. चांगल्या गायीचा चांगला गोऱ्हा निवडून देवाच्या नावाने सोडायचा. तो कोणाचा नाही आणि सगळ्यांचा आहे. तो वावरात शिरला तर हाकलायचा, मारायचा नाही. देवाच्या नावाने गावाने पैदाशीचा वळू सामाईक खर्चाने पोसला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून आर्वी, आष्टी, कारंज्याच्या भागात नंद गवळ्यांनी गवळाऊ टिकवली. पांढरी, उंच, चालायला चपळ, उन्हाला न हटणारी. आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात कठाणी टिकली. ती चणीने लहान, चिखलात चालणारी, तणसावर राहणारी. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच कठाणीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. सरकारच्या वहीत ती आता आली. आपल्या आखरावर ती पिढ्यान्‌पिढ्या होती.

हे सगळे आपल्याकडेच आहे असे समजू नका. युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचा बेटाचा देश आहे. आपल्यासारखाच इंग्रजांच्या जमीनदारीखाली पिचलेला. तिथल्या जुन्या कायद्यात दंड आणि देणे-घेणे दुभत्या गायींवर मोजत. उन्हाळा लागला की गावची पोरे-पोरी गुरे घेऊन डोंगरावरच्या सामाईक कुरणात जात, झोपड्या बांधून राहत, तिथेच लोणी काढत. खाली गावात तेवढ्यात पीक उभे राही. एक मे या दिवशी दोन आगट्या पेटवून गुरे त्यांच्या मधून नेत, म्हणजे वर्षभर रोग लागू नये. त्या दिवशी शेजाऱ्याला घरातले दूध द्यायचे नाही, चुलीतला विस्तव द्यायचा नाही, नाहीतर लोण्याची बरकत निघून जाते, अशी समजूत होती.

आता आपल्याकडे बघा. दिवेलागणीनंतर दूध, दही, विरजण घराबाहेर देत नाहीत. गायीच्या गळ्यात काळा दोरा बांधतात. हजारो कोसांवरच्या दोन मुलखांत एकच भीती दिसते. गरिबाच्या घरात दुभती गाय हे सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत नाजूक भांडवल असते. ते एका रात्रीत आटू शकते, मरू शकते. विमा नाही, डॉक्टर नाही, बँक नाही. मग माणूस दोरा बांधतो. तो हसण्यावारी नेऊ नका. दोऱ्यामागची भीती खरी आहे.

पुढे आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी दोऱ्यावर थांबणे सोडले. होरेस प्लंकेट यांच्या चळवळीतून १८८९ पासून गावोगावी सहकारी लोणी-कारखाने उभे राहिले. लोण्याची बरकत राखायची असेल तर लोण्याचा बाजार आपल्या हातात पाहिजे, हे त्यांना उमगले. आपल्यालाही तिथपर्यंत यायचे आहे.

कोणती रीत ठेवायची, कोणती टाकायची

जुने ते सगळे सोने, असे सांगायला मी आलेलो नाही. वही वाचताना चुकीची नोंद दिसली तर खोडली पाहिजे.

पहिली चुकीची नोंद चिकाची. गाय व्याली की जार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, पाजला तर जार अडकते, अशी समजूत अजून बऱ्याच घरांत आहे. ही समजूत वासरे मारते. वासरू जन्माला येते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी ताकद जवळजवळ नसते. ती चिकातून मिळते, आणि ती शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासातासाने कमी होत जाते. चोवीस तासांनी ते दार बंद होते. म्हणून पहिल्या तास-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, आणि पहिल्या दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. वीस किलोचे वासरू असेल तर दोन लिटर, तीन-चार वेळा मिळून. आणि वासरू चोखते तेव्हा गायीच्या अंगात जो स्राव सुटतो त्याने गर्भाशय आकुंचन पावते, जार पडायला मदतच होते. समजूत अगदी उलटी आहे. खरवस जरूर खा, पण वासराचे पोट भरल्यावर.

दुसरी चुकीची नोंद डागण्याची. पोट फुगले, डाग. पाय धरला, डाग. तापल्या लोखंडाने रोग जात नाही, जखम मात्र होते आणि तिच्यात किडे पडतात. ही रीत आखरावरच पुरून टाका.

एक नोंद मात्र सोन्याची आहे, आणि ती ज्वारीवाल्यांनी गाठीला बांधावी. जुना गायकी कळपाला कोवळ्या ज्वारीकडे वळू देत नसे. पावसाने ताण दिला असेल आणि ज्वारी गुडघ्याएवढी असेल तर मुळीच नाही. कापणीनंतर फुटलेल्या खोडव्यावरही नाही. तो म्हणायचा, विष आहे. विज्ञान तेच सांगते. फुलोऱ्याआधीच्या कोवळ्या, सुकू लागलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. जनावर भरपेट खाते, धापा टाकते, थरथरते, पडते आणि थोड्या वेळात मरते. डॉक्टर लगेच आला तर सोडियम थायोसल्फेटच्या इंजेक्शनने वाचू शकते. फुलोऱ्यानंतरची ज्वारी आणि वाळलेला कडबा यांना हे भय राहत नाही. हे ज्ञान गायकीच्या डोक्यात होते. आता गायकी नाही, आणि मोकाट गाय रात्री ज्वारीत शिरते.

आखर कोणी मोडला?

आता मुख्य मुद्दा. महाराष्ट्रात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता. २०१९ च्या गणनेत तो सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला. सात वर्षांत पंधरा लाख दावणी रिकाम्या झाल्या. शेतकऱ्याची श्रद्धा या सात वर्षांत कमी झाली का? पूजा तर वाढली. मग गाय का गेली?

गाय चार खुंट्यांवर उभी होती. सामाईक रान, राखणारा माणूस, घरची वैरण आणि म्हाताऱ्या जनावराला बाजार. चारही खुंट्या एकेक करून उपटल्या गेल्या.

पहिली खुंटी रानाची. मालगुजारीच्या काळात मालगुजार कसाही असो, गावाचा निस्तार हक्क होता. गुरे चारायची, जळतण आणायचे, तलावाचे पाणी वापरायचे, हे कागदावर लिहिलेले होते. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली, ते चांगलेच झाले. पण रान, तलाव, पडीक जमीन यांचा मालक सरकार झाले आणि गाव अर्जदार झाले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रकाची तरतूद आहे. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या गावाचे निस्तार पत्रक पाहिले आहे? हात वर करा म्हटले तर बोटांवर मोजण्याइतके होतील.

पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल म्हणून नोंदलेली जमीन आहे. तिच्यातल्या सुमारे ८६ हजार हेक्टरांचा वाद वर्षानुवर्षे चालला. मुळात ही गावाच्या गुरांच्या चराईची जमीन. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानायचे असा निकाल दिला. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली झाले, कोका २०१३ साली. वाघ जगावा, त्याला आपला विरोध नाही. पण रान बंद करताना गावाची गाय कुठे चरणार, हे कोणी विचारले नाही. तलावाच्या पोटात उन्हाळ्यात गवत असायचे. तिथे बेशरम माजली, तिला जनावर तोंड लावत नाही. उरलेल्या गायरानावर कुठे अतिक्रमण, कुठे सरकारी इमारत.

दुसरी खुंटी गायकीची. त्याचा मुलगा शहरात बांधकामावर गेला. त्याने जाऊ नये असे म्हणायचा आपल्याला काय अधिकार? पायलीभर धान्यावर त्याला आपण किती दिवस ठेवणार होतो?

तिसरी खुंटी कडब्याची. ज्वारी गेली. पाखरे, रानडुकरे, कापणीच्या मजुरीचे ओझे आणि न मिळणारा भाव, यांनी घालवली. तिच्या जागी सोयाबीन आले, २००२ नंतर बीटी कापूस आला. सोयाबीनचे कुटार कडब्याची सर करत नाही, आणि पऱ्हाट्या खाऊन गाय दूध देत नाही. ट्रॅक्टर आला, गोऱ्ह्याची गरज संपली. जिचे मुख्य पीकच बाजारात खपेनासे झाले ती गाय दावणीला कोण ठेवील?

चौथी खुंटी बाजाराची. गायीच्या कत्तलीवर राज्यात आधीपासून बंदी होती. २०१५ पासून बैल आणि वळूंवरही आली. ज्याची जी श्रद्धा असेल ती असो, मी तिला हात लावत नाही. मी वैरणीचा हिशेब विचारतो. म्हातारा बैल विकून येणाऱ्या पैशात थोडी भर घालून शेतकरी नवा बैल घ्यायचा. ते गिऱ्हाईक गेले. म्हातारे जनावर मरेपर्यंत पोसायचे असा समाजाचा निर्णय असेल, तर पोसायचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी का? ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारने देशी गायीला राज्यमाता-गोमाता असा दर्जा दिला आणि गोशाळेतल्या देशी गायीसाठी रोज ५० रुपये अनुदान जाहीर केले. गोशाळेत गेली तर ५० रुपये. तीच गाय शेतकऱ्याच्या दावणीला असली तर?

हिशेब मांडू

तीनशे किलो वजनाच्या गायीला रोज साधारण साडेसात किलो कोरडा चारा लागतो. वर्षाला सुमारे २,७०० किलो. कोरडवाहू ज्वारीचा एकरी कडबा टनभर धरा. म्हणजे गाय वर्षभर दावणीला बांधून पोसायची तर अडीच एकरांहून जास्त ज्वारी लागते. तीच गाय आठ महिने रानात चरली तर दावणीला चारच महिने लागतात. त्याला ९०० किलो पुरतात, म्हणजे एका एकराचा कडबा. याचा अर्थ असा की, गावाचा आखर मोडला तेव्हा प्रत्येक गायीमागे शेतकऱ्याच्या दीड एकरावर जप्ती आली. कोणी नोटीस काढली नाही, पंचनामा झाला नाही, पण जप्ती झाली. पाच एकरवाल्याला हा भार झेपत नाही, म्हणून तो गाय सोडतो. त्याला कोणी नास्तिक म्हणू नये.

आता गायकीचा हिशेब. समजा गावात शंभर जनावरे आहेत आणि राखणाऱ्याला रोज ४०० रुपये दिले. एका जनावरामागे दिवसाला चार रुपये पडतात. महिन्याचे १२०. दोन माणसे ठेवली तर आठ रुपये. गोशाळेच्या ५० रुपयांशी ताडून बघा. गाय वाचवायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग आखरावरून जातो. भिंती बांधाव्या लागत नाहीत, पत्रे ठोकावे लागत नाहीत, उद्घाटनाला मंत्री बोलवावा लागत नाही. म्हणूनच कदाचित तो कोणाला सुचत नसावा.

आपण काय करायचे

पहिले काम. प्रत्येक गावशाखेने तलाठ्याकडून आणि तहसील कार्यालयातून गावाचे निस्तार पत्रक आणि गायरानाचे गट नंबर काढायचे. चराईची जमीन वन म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्यात निस्तार आणि चराई हे सामूहिक हक्क लिहिलेले आहेत. ग्रामसभेचा ठराव करून दावा टाकायचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये? आणि हक्क मिळाला की चराईचे नियमही आपणच करायचे. पावसाळ्यात कोणता भाग बंद, कोणता उघडा, हे ठरले नाही तर मिळालेले रान दोन वर्षांत उजाड होईल.

दुसरे काम. गायकीची मजुरी रोखीत, महिन्याच्या महिन्याला, जनावरामागे ठरवून द्यायची. गोवारी असो की आणखी कोणी, तो गावाचा कामगार आहे, गडी नाही. दावणीच्या देशी गायीला गोशाळेच्या गायीइतके अनुदान मिळावे आणि त्यातून ही मजुरी निघावी, ही मागणी जिल्ह्याच्या ठरावात घालायची.

तिसरे काम वैरणीचे. ज्याच्याकडे जोडी आणि गाय आहे त्याने एक एकर ज्वारी परत आणायची, आणि एकट्याने नाही. शेजारच्या पाच-दहा जणांनी एका पट्ट्यात पेरली तर पाखरांची आणि डुकरांची राखण वाटून घेता येते. धानवाल्यांनी तणस सुधारायचे. १०० किलो तणस, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबायचे, प्लास्टिकने हवाबंद झाकायचे आणि २१ दिवसांनी उघडायचे. थोडे हवेवर पसरून वास उडाला की खाऊ घालायचे. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला द्यायचे नाही. आणि युरिया विरघळलेले पाणी जनावराच्या तोंडाजवळ जाऊ द्यायचे नाही, ते विष आहे.

चौथे काम. दोन-तीन गावांनी मिळून एक वळू ठेवायचा. कापूसपट्ट्यात गवळाऊ, धानपट्ट्यात कठाणी. देवाच्या नावाने सोडा की ठरावाच्या नावाने, पण निवडून सोडा.

आणि पाचवे काम. गायगोधनाच्या दिवशी गुरे आखरावर आली की पूजा होऊ द्या, ढाल नाचू द्या. मग तिथेच गावाने खाली बसायचे. गुरे मोजायची. मागच्या वर्षी किती होती, आज किती आहेत, ते लिहायचे. गायकीची बाकी असेल तर त्या दिवशी चुकती करायची आणि पुढच्या वर्षाची मजुरी ठरवायची. कोणत्या घरात वासरू मेले आणि का मेले, चीक वेळेवर पाजला होता का, हे उघड विचारायचे. बापजाद्यांनी आपल्याला सण दिला, त्यात हिशेबाचे पान आपण परत घालू.

भावांनो, मायबहिणींनो, गाय जगली ती शेतकऱ्याने तिला देव मानले म्हणून, असे सांगणारे पुष्कळ आहेत. मला वाटते, गाय परवडत होती तोवर तिला देव मानणे सोपे होते. ती परवडेनाशी झाली, आणि आता देवपण शेतकऱ्याच्याच अंगावर उलटले आहे. तिला परवडणारी करायची ताकद हारात नाही. ती गावाच्या रानात आहे, कडब्यात आहे आणि राखणाऱ्याच्या मजुरीत आहे. येत्या दिवाळीला तुमच्या गावच्या आखरावर किती गुरे उभी राहिली, तो आकडा प्रत्येक गावशाखेने पुढच्या जिल्हा बैठकीत लिहून आणावा. ठराव त्या आकड्यावर करू.